नाव न घेतलेलं बी

"याहा, बघ तरी! एकसुद्धा गवत ठेवलं नाही आम्ही!"

जीप अजून पुरती थांबलीही नव्हती. कालीबाईचा एक पाय मागच्या फळीवर होता, दुसरा खाली जमीन शोधत होता, आणि रिना तिच्या हातातली पिशवी ओढत होती. पिशवीत मोलगीच्या बाजारातले सुके बोंबील होते, मीठ होतं आणि मुलींसाठी घेतलेल्या काळ्या रिबिनी. आश्रमशाळेच्या फाटकात आणखी आठ-दहा मुलं उभी होती. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत चिखलाचे.

"कुठलं गवत?" कालीबाईनं विचारलं.

"आपल्या शेतातलं. उद्या साहेब येणार ना! मॅडम म्हणाल्या, साफ दिसायला पाहिजे. सगळ्यात जास्त मीच उपटलं. चार ओळी, एकटीनं."

शाळेतली सगळी मुलं कालीबाईला याहा म्हणत. याहा म्हणजे आई. सहावीतली रिना तिची सख्खी नात, तीही सगळ्यांसारखं तेच म्हणायची. कालीबाईनं हातातली पिशवी सोडली आणि स्वयंपाकघराला वळसा घालून मागे गेली.

शाळेच्या शेताचा तुकडा तीस पावलं लांब आणि वीस पावलं रुंद होता. मका गुडघ्याच्या वर आला होता आणि त्याच्या बुडाशी चवळीनं पहिले वेल टाकले होते. मधूनमधून उडीद, काडीसारखी तुरीची रोपं, कडेनं अंबाडी, कोपऱ्यात भोपळ्याची रुंद पानं. हे सगळं जागच्या जागी होतं. फक्त ओळींच्या मधली माती उघडी पडली होती, काळी आणि ओली. तिच्यावर लहान बोटांच्या खुणा होत्या.

कालीबाई खाली बसली. एका खळग्यात तिनं बोट घातलं. मुळासकट उपटलं होतं. नीट उपटलं होतं. तिनंच शिकवलं होतं तसं, बुडाशी धरून, हिसका न देता.

"टाकलं कुठे?"

"छगनमामानं नेलं, बकऱ्यांना," मागे आलेली रिना म्हणाली. "पोतंभर निघालं!"

छगन शाळेचा शिपाई. मूळचा खापर गावचा, बोलायचा सगळ्यांशी अहिराणीत. समोरच्याला कळतंय की नाही याची त्यानं कधी पर्वा केली नव्हती. त्याच्या बकऱ्या महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाखाली बांधलेल्या असत.

"या, कालीबाई! व्हयना का बाजार? मन्हासाठे बोंबील लयनात का नही?"

"पोतं कुठे आहे?"

"पोतं? ते काय पडेल शे. कोवळं लुसलुशीत गवत व्हतं, बकऱ्यास्नी घडीभरमां साफ करी टाकं. पोरेस्ले सांगा, रोज असंच उपटा म्हना."

पोतं रिकामं होतं. तिनं ते उलटं करून झटकलं. थोडी माती पडली. काळी बकरी अजून रवंथ करत होती आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून एक काडी बाहेर आली होती. कालीबाईनं बकरीचा जबडा दाबून ती काडी ओढून घेतली. बूड फिकट हिरवं, पान बोटभर रुंद, मूळ तुटलेलं.

"काय व्हयनं वो?" छगननं विचारलं.

"काही नाही."

काडी तिनं कमरेला खोचली आणि दोनशे बारा मुलांचा भात टाकायला आत गेली.

ते गवत नव्हतं. ती बर्टी होती. भगरीच्या जातीचं धान्य, दाणा खसखशीहून थोडा मोठा. कालीबाईच्या घरची बर्टी. तिचं बी आता जगात दुसरीकडे कुठे असेल, असं कालीबाईला वाटत नव्हतं.

*

कालीबाई लग्न होऊन दित्याच्या घरी आली तेव्हा सासूनं तिला चुलीवरच्या धुरात टांगलेला तुंबा दाखवला होता. वाळवून पोकळ केलेला दुधी, वर कापडाचा घट्ट बोळा. आत राखेत मिसळलेलं बर्टीचं बी. "बाकी धान्य पोटासाठी," सासू म्हणाली होती, "हे गेलेल्यांसाठी." भादव्यात नवाई होई, म्हणजे नवं धान्य खाण्याचा दिवस. त्या दिवशी पहिला घास सागाच्या पानावर घरच्या मेलेल्यांना द्यायचा, आणि तो याच बर्टीचा. मग जिवंत माणसांनी जेवायचं. मोठ्या घासातून नाही, या घासातून मेलेली माणसं घर ओळखतात, असं सासू सांगायची.

आणि एक रीत होती, ती फक्त त्यांच्याच घरची. बर्टी पेरताना तिचं नाव घ्यायचं नाही. कणीस बाहेर पडेपर्यंत घ्यायचं नाही. मका पेरताना मका म्हणा, चवळी पेरताना चवळी म्हणा, हिला मात्र मुक्यानं पेरायचं. पाखरं ऐकतात, नजर लागते, असं काहीतरी कारण होतं. कालीबाईनं कधी विचारलं नाही. तिनंही एकोणचाळीस वर्षं मुक्यानंच पेरली.

तीन वर्षांपूर्वी दित्या गेला आणि शेत मुलाच्या, दिनेशच्या हातात आलं. दिनेशनं सोयाबीन लावलं. गवत मारायचं औषध आणलं. पाठीवर पंप घेऊन तो बांधाबांधानं फिरला, आणि आठ दिवसांत बर्टी पिवळी पडून आडवी झाली.

"ते पण गवतच आहे, आई," दिनेश म्हणाला होता. त्यालाही वाईट वाटलं होतं. "औषधाला काय ओळखू येतं?"

तेव्हापासून दर वर्षी नवाईला तिनं तुंब्यातलं जुनं बीच चिमूट चिमूट रांधलं. शेजारच्या पाड्यावर शांतीबाईकडे बर्टी असायची. यंदा उन्हाळ्यात ती तिच्याकडे गेली, तर शांतीबाई होळीलाच वारली होती. तिचा तुंबा नातवांनी कोंबड्यांपुढे रिकामा केला होता. कालीबाई आणखी चार पाडे फिरली. सगळीकडे लोकांनी आठवून पाहिलं, डोकी हलवली आणि तिला पाणी दिलं.

मे महिन्यात तिनं दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवले. चौथ्या दिवशी उघडले, तर सहा फुटले होते. गेल्या वर्षी आठ फुटले होते. पुढच्या वर्षी किती फुटतील हे तिला कुणी सांगायला नको होतं. तुंब्यात दोन ओंजळी बी होतं. अर्धं मागे ठेवून काही उपयोग नव्हता. जे काही व्हायचं ते याच पावसाळ्यात व्हायचं होतं, आणि औषध न मारलेली जमीन तिच्या ओळखीत एकच होती. ती शाळेच्या स्वयंपाकघरामागची.

बावीस वर्षं ती तिथे चुलीपुढे होती. जूनमध्ये विज्ञानाच्या नव्या मॅडम आल्या, यामिनी पाटील. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याची मुलगी, घरी केळी आणि कापूस. तिनंच मुख्याध्यापकांकडून परसबागेची परवानगी काढली. "मावशी, तुम्ही शिकवा," ती म्हणाली, "मी पण मुलांबरोबर बसते." आणि खरंच वही घेऊन मुलांच्या ओळीत बसली.

कालीबाईनं सुपात बी मिसळून दाखवलं. मक्याच्या दहा मुठी, चवळीची एक, उडदाच्या दोन, तूर अर्धी. आधी सगळं वेगळं दाखवून मग एका हातानं गोल फिरवलं.

"एकत्रच का पेरायचं?" यामिनीनं विचारलं. "आमच्याकडे तर एका शेतात एकच."

"तुमच्या घरात एकच माणूस राहतो का, मॅडम?" कालीबाई म्हणाली. मुलं हसली. "मका उभा राहतो. चवळी त्याला धरून चढते, आणि मुळातून त्याला खायला देते. भोपळा खाली पसरतो, माती झाकतो. तूर म्हातारी. सगळे जेवून उठले की मग ती उठते. एक मेला तरी घर चालतं."

यामिनीनं ते तसंच्या तसं लिहून घेतलं. मुलं एकेक नाव मोठ्यानं म्हणत पेरत गेली. शेवटी कालीबाईनं त्यांना हात धुवायला पाठवलं. मग एकटीच मागे फिरली, तुंब्याचा बोळा काढला, आणि ओळींच्या मधून चालत दोन ओंजळी बी मुक्यानं पेरलं. तुंबा तळहातावर उलटा ठोकला. शेवटचे पाच-सहा दाणे पडले.

पहिली निंदणीही तिनं एकटीनंच केली होती, पहाटे, मुलं उठायच्या आत. कुणी विचारू नये म्हणून. मुलांना उपटायला शिकवलं होतं ते शाळेच्या अंगणात.

*

साहेब दुसऱ्या दिवशी अकराला तपासणीला आले. परसबागेत दहा मिनिटं थांबले. मुलांना मक्याजवळ उभं करून फोटो काढला. "ओळी छान राखल्यात," ते म्हणाले आणि मुख्याध्यापक हेमकांत सरांनी मान तुकवली. गाडी गेल्यावर यामिनी पळतच स्वयंपाकघरात आली.

"मावशी, साहेब खूश! पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळांनाही दाखवायचं म्हणाले." आणि मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. स्टीलच्या पेल्यात पाणी, पाण्यात एक काडी. "हे काय?"

कालीबाई डाळ घोटत होती. तिनं हात थांबवला नाही. "मुळं फुटतात का बघते."

"कशाची काडी आहे?"

कालीबाईनं रवी ठेवली, हात पुसले, बाहेर गेली आणि कुंपणाच्या कडेचं एक गवत उपटून आणलं. पेल्यातली काडी आणि ते गवत तिनं ओट्यावर शेजारी शेजारी ठेवलं.

"हे रानबर्टी," ती गवताला बोट लावून म्हणाली. "बूड तांबूस. पान अरुंद. कुठेही उगवतं." मग बोट दुसऱ्या काडीवर नेलं. "हिचं बूड हिरवं. पान रुंद. ही पेरावी लागते."

यामिनी वाकली. तिनं दोन्ही काड्या उचलल्या, बुडं पाहिली, पानाचा देठ नखानं उकलून पाहिला. ती हुशार होती. तिला दोन वेळा सांगावं लागलं नाही.

"मधे... मधे तुम्ही हे पेरलं होतं?"

"हो."

"किती?"

"होतं तेवढं."

यामिनीनं काड्या हळूच खाली ठेवल्या. मग म्हणाली, "मला सांगायचं नाही का, मावशी? सगळ्यांची नावं सांगितलीत. मका, चवळी, उडीद, अंबाडी. माझ्या वहीत आहेत सगळी. हे एकच का नाही?"

कालीबाईनं रीत सांगितली. मराठी तिला चुलीपुरती येत होती, त्यामुळे थोडक्यातच सांगितली. सांगताना तिच्या लक्षात आलं, की हे कारण असं ओट्यापाशी उभं राहून मराठीत सांगितलं की किती लहान वाटतं.

"पण मुलं तरी?" यामिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी खालच्या सपाटीवरची, मला नाही कळलं. ती तर इथलीच. रिनानं लहानपणापासून खाल्ली असेल."

"खाल्ली आहे ना. पण बघितली कधी?"

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा बी मातीत जातं आणि दिवाळीला शाळा सुटते तेव्हा खळं झालेलं असतं. मग आईबाप ऊसतोडीला गुजरातेत. या मुलांना धान्य ताटात ठाऊक होतं, यंदा पहिल्यांदा मुठीत ठाऊक झालं. या दोन्हींच्या मधलं काही त्यांनी पाहिलंच नव्हतं. ते दाखवायलाच तर कालीबाई त्यांना मागच्या तुकड्यात घेऊन गेली होती.

"पोरांना सांगू नका," ती म्हणाली. "चांगलं काम केलं म्हणून खूश आहेत. कळलं तर परत मातीला हात लावणार नाहीत."

पेल्यातल्या काडीला मुळं फुटली नाहीत. पाचव्या दिवशी ती तपकिरी झाली.

यामिनीनं पुढचा महिनाभर फोन केले. कृषी विभागात कुणाला, कॉलेजातल्या सरांना, विसरवाडीत बियाण्याचं दुकान असलेल्या मावसभावाला. ऑगस्टच्या शेवटी ती एक पाकीट घेऊन आली. सुधारित वाण, वर छापील माहिती.

"बर्टीच आहे, मावशी. मी सगळं तपासून घेतलं. नव्वद टक्के उगवण."

कालीबाईनं पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. एक कोपरा फाडून दाणे तळहातावर घेतले, उन्हात धरले, एक दाताखाली फोडला.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "पुढच्या साली मुलांकडून पेरून घ्या. नाव सांगून."

"तुमच्या नवाईला...?"

"हे कुणाचं आहे मला माहीत नाही, मॅडम. गेलेल्यांनाही माहीत नसणार." तिनं दाणे परत पाकिटात सोडले, एकही खाली न पाडता. "तुम्ही खूप फिरलात माझ्यासाठी."

यामिनी दारातून वळताना थांबली. "मी 'साफ करा' म्हणाले नसते तर..."

"तुम्ही म्हणाला नसतात तर दुसरं कुणी म्हणालं असतं," कालीबाई म्हणाली. "ज्याचं नाव माहीत नाही, ते गवतच असतं."

*

भादव्यात तुकड्यातला मका कापला. चवळीच्या शेंगा दोनशे बारा मुलांना एक वेळ पुरल्या आणि पहिल्यांदाच कुणी आमटीत पाणी जास्त आहे म्हणून कुरकुर केली नाही. नवाईच्या आदल्या दिवशी, सकाळी दव असताना, कालीबाई टोपली घेऊन कुंपणापाशी गेली. रिना मागोमाग आली.

कुंपणाच्या कडेला साहेबांची नजर जाणार नव्हती, म्हणून मुलांचे हातही गेले नव्हते. तिथे रानबर्टी कमरेएवढी वाढली होती. बारीक, तांबूस कणसं. कालीबाईनं एक झुपका वाकवून टोपलीवर धरला आणि बोटानं टिचकी मारली. दाणे झरझर गळून पडले.

"उपटायचं नाही?" रिनानं विचारलं.

"नको. पिकलं की आपलं आपण पडतं. नुसतं खाली टोपली धर."

दोघींनी मिळून कुंपण संपवलं. पाखडल्यावर मूठ-दीड मूठ दाणा निघाला.

पाड्यावरचं घर शाळेपासून तासाभराच्या चालीवर होतं. दुसऱ्या दिवशी दिनेशनं अंगण सारवून ठेवलं होतं. सुनेनं सागाची पानं धुतली. कालीबाईनं दाणे उखळात कांडले, तीनदा पाखडले, तरी कोंडा पुरता निघेना. मातीच्या लहान मडक्यात ते शिजले तेव्हा वास बर्टीसारखा आला, पण थोडाच. दिनेश चुलीशी येऊन मडक्यात डोकावला.

"आई, हे तर..."

"माहीत आहे," ती म्हणाली.

तिनं पानावर एक घास ठेवला, बाजूला महूच्या दारूचे चार थेंब शिंपडले आणि घराच्या मधल्या खांबापाशी बसली. सासूचं नाव घेतलं, सासऱ्याचं घेतलं, मग दित्याचं. एरवी ती इथे 'नवं आलं, जेवा' एवढंच म्हणायची. आज ती थोडं थांबली.

"हे तुमचं नाही," ती घरच्या भाषेत, स्पष्ट आवाजात म्हणाली. "बर्टी संपली. मी मुलांना सगळी नावं सांगितली, बर्टीचं नाव सांगितलं नाही. म्हणून त्यांना ओळखता आली नाही. मुलांवर रागावू नका, चूक माझी आहे. यंदा जे उरलं ते आणलंय. ओळख लागली तर जेवा."

चुलीतलं एक लाकूड तडकलं. शेजारी बसलेल्या रिनानं मान वर केली नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत होती.

जेवताना प्रत्येकाच्या वाट्याला तो शिजलेला दाणा बोटाच्या पेराएवढा आला. कचकचत होता, थोडा कडू. रिनानं आपला घास बराच वेळ चावला.

जेवणं झाल्यावर कालीबाई चुलीजवळ भांडी आवरत होती. रिना तिच्यापाशी येऊन बसली.

"याहा."

"हं."

"त्या दिवशी मी चार ओळी उपटल्या. ती होती?"

कालीबाईनं मडकं उपडं घातलं. खोटं बोलावं असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण न सांगण्याचं काय होतं ते तिनं एकदा पाहिलं होतं.

"हो," ती म्हणाली. "तीच होती. बूड हिरवं, पान रुंद. लक्षात ठेव."

रिनानं मान हलवली. तिच्या नाकातून पाणी येत होतं, ते तिनं बाहीनं पुसलं. मग टोपलीकडे बोट दाखवलं. टोपलीच्या विणीत रानबर्टीचे काही दाणे अडकून राहिले होते.

"याचं बी ठेवायचं?"

"याला ठेवावं लागत नाही. कुंपणाशी पडलंय तेवढं पुरे. पुढच्या पावसात आपलं आपण उगवेल. त्याला आपली गरज नाही."

ती उठली. खुंटीवरून तुंबा खाली काढला, पदरानं त्याची काजळी पुसली, कानाशी धरून एकदा हलवला. आत काहीच वाजलं नाही. मग बोळा पाण्यात भिजवून पिळला, तोंडात घट्ट बसवला आणि तुंबा पुन्हा चुलीवरच्या धुरात, त्याच खुंटीला, टांगला.